माझ्यातलं अक्षर शलाकाचं आहे

मी वही बोलतेय. हिरव्या पुठ्ठ्याची, चौकटीच्या कागदाची, एकशे ब्याण्णव पानांची. माझ्या एका पानाला पेनाने पडलेलं भोक आहे आणि पुठ्ठ्यावर लाल वाइनचा गोल डाग आहे. आम्हाला तोंड नसतं, म्हणून वह्या शांत असतात असं तुम्हाला वाटतं. मी मात्र रागावलेली आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. पातं, दोरा, गोंदाचा वास, मग अंधारं खोकं. खरं आयुष्य सुरू झालं ते नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावात, स्टेशनजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात. तिथून मला शलाकाने उचललं. घेण्याआधी तिने मला नाकाशी धरलं आणि वास घेतला. माणसं वहीचा रंग बघतात, किंमत बघतात. वास घेणारी ही पहिलीच.

पुढे कळलं की ती प्रत्येक गोष्टीचा वास घेते. पुण्यात एका मसाल्याच्या कारखान्यात ती आठ वर्षं चव तपासायचं काम करत होती. धणे जुने आहेत का, तिखटात भेसळ आहे का, हे ती चिमूट नाकाशी नेऊन सांगायची. मग नवऱ्याला, उल्हासला, आइंडहोव्हनमध्ये चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी लागली, आणि त्याच्या व्हिसावर तीही इथे आली. अकरा वर्षं झाली त्याला. इथे तिच्या नाकाचं काय करायचं हे कुणालाच कळेना. तिने डच शिकून घेतलं, मिळेल ते काम केलं, आणि शेवटी एका वाइनच्या दुकानात खोकी लावायला लागली.

दुकानाची मालकीण मारैका. एकदा मारैकाने गिऱ्हाईकासाठी बाटली उघडली, तेव्हा शलाका तीन हात लांब शिडीवर उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "ती देऊ नका. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." बुचामुळे कधीकधी वाइन अशी बिघडते. मारैकाने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी तिने शलाकाला वाइनच्या अभ्यासक्रमात नाव घालायला लावलं. मला विकत घेतलं ते त्यासाठी.

अभ्यासक्रमात चवींच्या नावांची यादी होती. गूजबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर. शलाकाने ती यादी माझ्या पहिल्या पानावर उतरवली आणि खाली लिहिलं, "जे मी कधी खाल्लंच नाही, त्याची आठवण कुठून आणू?" मग पान उलटून ती मराठीत लिहायला लागली, आणि तेव्हापासून मराठीतच लिहीत राहिली.

परीक्षेआधी फ्रान्समधल्या द्राक्षांच्या गावांतून एक फेरी मारायची, असं तिने ठरवलं. लग्नाला पंधरा वर्षं होत होती, तेव्हा दोघांनी मिळून जायचं. चव घ्यायची तर गाडी चालवता येत नाही, म्हणून सगळा प्रवास रेल्वेने. गाड्यांच्या वेळा, गावं, तळघरांच्या भेटी, सगळं तिने माझ्यात आखलं. उल्हासने खुशीने सुट्टी काढली. माणूस वाईट नाही तो. दोन्ही बॅगा तोच उचलायचा, खिडकीची जागा तिला द्यायचा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मला खोटं सांगायचं नाही.

मे महिन्यात आम्ही निघालो. ब्रेडाहून ब्रुसेल्स, तिथून पॅरिस, आणि पॅरिसहून छोट्या गाडीने एपर्ने. मी शलाकाच्या मांडीवर उघडी. बाहेर मार्न नदी, तिच्या काठाने चढत जाणाऱ्या वेलींच्या रांगा. एपर्नेच्या तळघरात तिने शँपेनपुढे लिहिलं, "तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा. मागून लिंबाची साल." पुढे कोलमार गावात एका गोड वाइनपुढे, "गुलकंद! आणि लीची." रीस्लिंग नावाच्या एका जुन्या पांढऱ्या वाइनपुढे, "पेट्रोल पंपावर उभं राहून लिंबू हुंगल्यासारखं. तरीही सुंदर."

गाडीत उल्हासने मान वाकडी करून वाचलं आणि हसत सुटला. "भाकरी? अगं, फ्रेंच लोक बेशुद्ध पडतील."

"पडू देत. तू वास घेऊन बघ, मग हस."

"मला आपली चांगली आणि वाईट एवढंच कळतं."

ती पण हसली. तेव्हा मीही काही मनावर घेतलं नाही.

तिथून दिजोंला गाडी बदलून आम्ही बोन या गावी गेलो, आणि तिथे ते घडलं.

दगडी तळघर होतं. आमच्याबरोबर आणखी सहाजण, कुणी बेल्जियमचे, कुणी जर्मन. वाइन ओतणारा माणूस नीटनेटका, गळ्यात वाइन चाखायची चांदीची छोटी वाटी. तळघराची भेट शलाकाने ठरवली होती, नाव तिचं होतं, प्रश्न ती विचारत होती. तो उत्तरं मात्र उल्हासला देत होता आणि पहिला घोट प्रत्येक वेळी उल्हासच्याच ग्लासात ओतत होता. तिसऱ्या बाटलीला शलाकाने ग्लास फिरवला, नाकाशी नेला आणि तिथेच थांबली.

"माफ करा, ही बाटली बिघडलीय," ती शांतपणे इंग्रजीत म्हणाली. "बुचाचा वास आहे."

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या ग्लासाला हात लावला नाही. तो उल्हासकडे वळला आणि भुवया उंचावून म्हणाला, "मस्यू?" म्हणजे, साहेब, तुम्ही सांगा.

सहाही जण उल्हासकडे बघू लागले. उल्हासने ग्लास नाकाशी नेला. एक घोट घेतला.

"छान आहे," तो म्हणाला. "अगदी छान."

तो माणूस हसला. "मादाम फार नाजूक आहेत," असं काहीतरी म्हणाला, आणि बाकीचेही हसले. शलाका हसली नाही. तिने मला उघडलं आणि लिहिलं: "बाटली खराब होती. मी सांगितलं. उल्हास छान म्हणाला." शेवटच्या शब्दानंतरचं टिंब तिने असं दाबलं की पेन आरपार गेलं. कागदाला दुखतं की नाही यावर वाद घालत बसा. मला दुखलं.

दुसऱ्या दिवशी लिऑनच्या गाडीत दोघं समोरासमोर बसली होती. उल्हास म्हणाला, "एका ग्लासावरून एवढं?"

"ग्लासावरून नाही," ती म्हणाली.

लिऑनहून ऱ्होन नदीच्या काठाने तँ नावाच्या गावी आलो. स्टेशनावरूनच डोंगर दिसतो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत वेली. तिथे एका म्हाताऱ्या बाईचं छोटं तळघर होतं. उल्हास बाहेर फोटो काढत राहिला. बाईंनी वाइन ओतली आणि त्या थांबल्या. शलाकाने लिहिलं, "पिकलेलं जांभूळ, तसाच जिभेला तुरट विळखा. कुटलेले मिरे. शेवटी दगडफूल."

"काय लिहिलंत? वाचून दाखवा," बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

"माझ्या भाषेत आहे."

"मग तुमच्या भाषेत वाचा."

शलाकाने मोठ्याने वाचलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, आणि मग तो शेवटचा शब्द काय ते विचारलं. शलाका गोंधळली. दगडफुलाला इंग्रजीत काय म्हणणार? मग तिने बॅगेतली गोड्या मसाल्याची डबी काढली. भाड्याच्या खोल्यांत खिचडी टाकायची म्हणून घेतलेली. बाईंनी डबीत नाक घातलं, मग ग्लासात, मग पुन्हा डबीत. "हो," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी याला 'तो मागचा वास' म्हणत आले. याला नाव आहे तर!"

त्या वेळी शलाकाचे डोळे भरून आले. एक थेंब माझ्यावर पडला, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

परत आलो. परीक्षा दोन आठवड्यांवर होती, ती रोज मला उघडून बसायची. आणि एका शुक्रवारी सकाळी उल्हासने मला टेबलावरून उचललं आणि आपल्या लॅपटॉपच्या बॅगेत टाकलं. विचारलं नाही. मी आइंडहोव्हनला गेले.

त्यांच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी बोरेल असते, म्हणजे काम संपल्यावर उभ्याउभ्या पेय आणि गप्पा. त्या दिवशी उल्हासने चार बाटल्या आणल्या होत्या. पडद्यावर फोटो दाखवत, मला हातात धरून, तो एकेक पान इंग्रजीत सांगायला लागला. भाकरीचा पापुद्रा, गुलकंद, जांभूळ, दगडफूल. लोक चकित झाले. कुणीतरी विचारलं, "हे सगळं तू टिपलंस?"

"माझी प्रवासातली टिपणं," तो म्हणाला.

माझी! एक घोट त्याने ओळखला नव्हता, एक ओळ लिहिली नव्हती. शिवाय थांबला नाही तो. मला बोनच्या पानावर उघडून म्हणाला, "इथे तर माझ्या बायकोने उत्तम बाटली खराब ठरवली होती. मी त्या दिवशी फ्रान्सची अब्रू वाचवली." सगळे हसले. मी माझ्याच पानांत आखडून गेले. मग त्याने मला टेबलावर पालथं टाकलं आणि कुणीतरी माझ्या पाठीवर ओला ग्लास ठेवला.

मालिनी नावाची त्याची सहकारी, मूळची साताऱ्याची, ती ग्लास उचलून मला पुसायला लागली. पुसताना मला सुलटं केलं, आणि उघड्या पानावर तिची नजर गेली. तीन ओळी आणि ते भोक. ती उल्हासजवळ आली.

"हे अक्षर कुणाचं?" तिने मराठीत विचारलं.

"शलाकाचं. का गं?"

"मग 'माझी टिपणं' का म्हणालास?"

"अगं, नवरा-बायकोत माझं-तुझं काय?"

"असं? मग तुझ्या यंत्राच्या पेटंटवर तिचंही नाव घाल." मालिनीने मला मिटून त्याच्या हातात दिलं. "आणि हे पान वाचूनही तू तो विनोद केलास. घरी तू सांगतोस, की मी फोन करू तिला?"

शनिवारी सकाळी नाश्त्याला उल्हासने मला टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. शलाकाने आदल्या दिवशी अख्खं घर उलथंपालथं केलं होतं मला शोधायला. तिने आधी पुठ्ठ्यावरचा डाग पाहिला. आवाज चढवला नाही.

"एकच विचारते. बोनला तुला खरंच ती बाटली चांगली वाटली होती?"

उल्हासने चहाचा कप खाली ठेवला.

"नाही. मलाही वास आला होता."

हे तर माझ्यातही लिहिलेलं नव्हतं.

"मग छान का म्हणालास?"

"तो माझ्याकडे बघत होता. सगळे बघत होते. वाटलं, उगीच लोकांसमोर तमाशा कशाला."

"लोकांसमोर मी खोटी पडले, तो तमाशा नव्हता?"

"होता," तो म्हणाला. कारणं दिली नाहीत, एवढं त्याच्या बाजूने सांगते. मग तो म्हणाला, "काय करू सांग."

"तुझ्या टीमला लिही. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने फोन काढला. 'एक गैरसमज झाला' असं लिहायला लागला, तशी शलाका म्हणाली, "गैरसमज नाही. त्यांचा कसलाच गैरसमज झाला नाही. तू खोटं बोललास. तेच लिही." त्याने पुसलं आणि लिहिलं: टिपणं शलाकाची आहेत, बोनची बाटली खराब होती, तिने बरोबर सांगितलं होतं, मला माहीत असून मी तिला खोटं ठरवलं. आणि पाठवलं. शलाकाने मला उचललं आणि आतल्या खोलीत अभ्यासाला बसली. आठवडाभर दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

ती परीक्षा पास झाली. मारैकाने दुकानात दर शनिवारी होणारे वाइन चाखण्याचे कार्यक्रम तिच्याकडे दिले. मग अ‍ॅमस्टेलव्हीन गावातल्या मराठी बायकांनी तिला बोलावलं. बावीसजणी आल्या होत्या. शलाकाने वाइनबरोबर वाट्यांत गुलकंद, मिरे, गोडा मसाला मांडला आणि सगळं मराठीत सांगितलं. पन्नाशीच्या स्नेहलताई ग्लासात नाक घालून ओरडल्या, "अय्या, खरंच जांभूळ!" एकजण म्हणाली, "इतकी वर्षं नवरा मागवेल ते प्यायले. मला कळत नाही, असंच वाटायचं." तेवढा वेळ उल्हास मागे ग्लास धूत होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आता माझी जेमतेम दीड पानं उरली आहेत. मी दुकानात गल्ल्याशेजारी असते. येत्या सप्टेंबरात दोघं पुन्हा रेल्वेने निघणार आहेत, या वेळी ल्वार नदीच्या काठाने. नवी वही घेऊन झाली आहे. जुनं सगळं मिटलं, असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही.

वाचकहो, घरात कुणाची वही दिसली तर ती उघडण्याआधी विचारा. आतलं चारचौघांत सांगावंसं वाटलं, तर जिने लिहिलं तिचं नाव आधी घ्या. आणि ती 'बिघडलंय' म्हणाली, तर दुसऱ्या कुणाला विचारायला वळू नका.

परवाच उल्हास तिला न्यायला दुकानात आला होता. शलाका मागे खोकी मोजत होती. त्याने मला पाहिलं, हात पुढे केला आणि थांबला.

"शलाका, वाचू का?" त्याने विचारलं.

ती दारात आली.

"नको," ती म्हणाली. "अजून नको."

"बरं," तो म्हणाला, आणि हात मागे घेऊन उभा राहिला.