उन्हाळ्यातलं पातळ तेल

ताराचंदने रिकामा डबा अंगणात इतक्या जोरात आपटला की नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या गल्लीत दुपारी पडलेली सगळी माणसं उठून बसली. डबा घरंगळत ओसरीपर्यंत गेला आणि बापूजींच्या पायाशी थांबला.

"हे तेल गाडीत कोणं टाकलं?"

बापूजी पंच्याने वारा घेत बसले होते. मे महिना, बाहेर झळा, आणि समोर जावई लालबुंद.

"मीच टाकलं. काहून?"

"काहून? पाचगावच्या पुढं गाडी भर रस्त्यात मेली असती मामाजी, आन् तुमी मले विचारता, काहून?"

गाडी म्हणजे दारासमोर उभी असलेली जुनी अँबेसेडर. ती सासऱ्याची आणि जावयाची मिळून होती. लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा बापूजींनी आपले माग विकले. त्यांना मुलगा नव्हता, मनकर्णा एकटीच. तिचा नवरा ताराचंद उमरेडकडच्या शेतकरी घरातला, पण नागपूरजवळच्या वाडीला ट्रकांवर राहून गाडी शिकलेला. दोघांनी मिळून ही अँबेसेडर घेतली. ताराचंद सक्करदरा चौकातून उमरेडच्या सवाऱ्या भरायचा. बापूजी पहाटे उठून गाडी पुसायचे, पाणी भरायचे, इंजिनातली मोजपट्टी काढून तेल पाहायचे, जुनं झालं की बदलायचे. माग गेल्यापासून त्यांच्या हातांना एवढंच काम उरलं होतं, आणि ते काम ते देवपूजेसारखं करत.

त्या दिवशी सकाळी पाचगाव मागे पडलं आणि तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मग तो लागलेलाच राहिला. इंजिन आतून खडखड वाजू लागलं. ताराचंदने जागीच गाडी बंद केली. सवाऱ्यांनी शिव्या देत एसटी धरली. त्याने पट्टी काढून पाहिली तर तेल पाण्यासारखं टपटप गळत होतं. ट्रकला दोर बांधून गाडी सक्करदऱ्याला गिरिधर मिस्त्रीकडे ओढत आणली. गिरिधरने तेल उतरवलं, बोटांत चोळलं आणि म्हणाला, "वीस नंबर? मे महिन्यात? या म्हाताऱ्या इंजिनात?" त्याने चाळीस नंबरचं घट्ट तेल भरलं, तसा आवाज गेला. "बेरिंग वाचली. अजून थोडा पुढं गेला असतास तर इंजिन डोक्यावर घेऊन आला असतास."

वीस नंबरचा रिकामा डबा डिकीत सापडला होता. तोच आता बापूजींच्या पायाशी पडला होता.

"घरात चाळीस नंबरचा भरलेला डबा होता," ताराचंद ओरडला. "मी सोता आणून ठेवला होता. तो कुठं गेला? विकला ना? चांगला माल विकला आन् हे पाणी आणून ओतलं! दुसऱ्यांचे चोर बाहेरून येतेत, आमचा घरातच बसून आहे!"

समोरच्या ओसरीवरून तुळसाबाईने मान लांब केली. "काय चोरीले गेलं वं मनकर्णे?"

मनकर्णा दारात उभी होती.  ती बापाकडे पाहत होती. बापूजी उठले. खांद्यावरचं गाडी पुसायचं फडकं त्यांनी काढलं, चार पावलं चालत गेले आणि ते गाडीच्या बॉनेटवर ठेवून दिलं.

"आजपासून तुमची गाडी तुमी पाहा, जवाई."

"पाहतोच! हातसुद्धा लावू नका आता!"

बापूजी आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मनकर्णा मागोमाग गेली.

"बापूजी, तो डबा कुठं आहे?"

"चोराले काहून विचारतेस?"

"मी तुमची पोरगी आहे. मले सांगा."

"तुया नवऱ्याले विचार. त्याले सारं समजते."

तिची कानशिलं तापली. नवऱ्यावर राग होताच, आता बापावरही आला. विणकराच्या घरात सुताची एक लडीही इकडची तिकडे होत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे डबा घरातच असणार. तिने फळ्या पाहिल्या, खाटेखाली वाकून पाहिलं. मग तिची नजर मधल्या खोलीत जमिनीवरच्या लाकडी झाकणावर गेली. त्या झाकणाखाली मागाचा खड्डा होता. माग विकला गेला तरी पाय सोडून बसायचा तो खड्डा कोणी बुजवला नव्हता. घरात सगळ्यात थंड जागा तीच. तिने झाकण उचललं. खाली, जुन्या धोतरात गुंडाळून, चाळीस नंबरचा डबा नीट उभा करून ठेवला होता. सीलही तोडलेलं नव्हतं.

"हा इथं काहून ठेवला?"

"हिवाळ्यासाठी," बापूजी भिंतीकडे पाहतच म्हणाले. "उन्हाळ्यात पातळ, हिवाळ्यात घट्ट. खळ कशी करत होतो ते विसरलीस का?"

मनकर्णाने डबा वर काढला.

खळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला पेजेसारखी शिजवलेली खळ लावतात, म्हणजे सूत मजबूत होतं. बापूजींच्या घरचा नियम असा, की नागपूरच्या उन्हाळ्यात खळ पातळच ठेवायची. कोरड्या हवेत घट्ट खळ वाळून सुताची काडी होते आणि ते तटातट तुटतं. लहानपणी खळीत पाणी कमी पडलं म्हणून मनकर्णाने बापाची बोलणी खाल्ली होती. जन्मभर जो नियम पाळून लुगडी विणली, तोच नियम म्हातारा गाडीलाही लावत होता. त्याने तेल चोरलं नव्हतं. उन्हाळ्यात गाडीला त्रास होऊ नये म्हणून त्याने मुद्दाम जाऊन पातळ तेल आणलं होतं.

ती बाहेर आली आणि भरलेला डबा बॉनेटवर दाणकन ठेवला.

"हा घ्या चोरीचा माल! मागाच्या खड्ड्यात होता. हिवाळ्यासाठी जपून ठेवला होता त्यायनं."

ताराचंदने सील पाहिलं. त्याचा आवाज जरा उतरला, राग नाही. "मग ते पाणी काहून ओतलं?"

तिने खळीचं सांगितलं. तो कडवट हसला. "गाडी म्हणजे का लुगडं आहे?"

"तुमी सांगतलं होतं का, की नाही म्हणून? रोज सकाळी 'मामाजी, तेल पाहा, मामाजी, पाणी पाहा'. कोणतं तेल, काहून तेच, कधी तोंडातून निघालं का?"

"त्यात काय सांगाचं? हे तर साऱ्यायलेच माहीत असते."

"तुमाले कोणं सांगतलं?"

"वाडीले. उस्तादनं."

"कसं सांगतलं?"

 ताराचंदने डाव्या कानामागची जुनी खूण नकळत चोळली. "पाना फेकून मारला होता."

"तरीच!" मनकर्णा म्हणाली. "तुमालेही तसंच शिकवता येते. आता पाना नाही, तर चोर शब्द फेकला. मारलंत, पण शिकवलं नाही. जा, आता शिकवा."

"मी?"

"मग का तुळसाबाई शिकवीन?"

"मले बोलावलं का वं?" समोरून आवाज आला.

"नाही!" दोघं एकदम ओरडले.

ताराचंद पाय आपटत न्हाणीमागे गेला. तिथून त्याने टिनाचा एक पत्रा आणला आणि अंगणात विटेवर तिरपा टेकवला. पत्रा उन्हात तापेपर्यंत तो कमरेवर हात ठेवून उभाच होता. मग त्याने ओसरीकडे तोंड केलं.

"मामाजी, या इकडं. नाही आलात तरी चालते, तिथूनच पाहा!"

बापूजी दाराच्या चौकटीपर्यंत आले. पुढे आले नाहीत.

ताराचंदने रिकाम्या डब्याच्या तळाशी उरलेल्या वीस नंबरच्या तेलाचा एक थेंब पत्र्याच्या वरच्या कडेला सोडला. शेजारी नवा डबा फोडून चाळीस नंबरचा एक थेंब. वीसचा थेंब तापलेल्या पत्र्यावरून धावत सुटला आणि मागे जेमतेम ओलसर रेघ ठेवून मातीत पडला. चाळीसचा हळूहळू, जाड रेघ ठेवत, अर्ध्या वाटेवर रेंगाळला.

"हे फक्त ऊन आहे," ताराचंद म्हणाला. आवाज अजून चढाच होता, पण आता शब्द निवडून येत होते. "इंजिन याच्याहून लय गरम. गरम झालं की कोणतंही तेल पातळच होते. खोबरेल नाही का, थंडीत गोठते आन् उन्हाळ्यात पाणी? आतमधी लोखंडावर लोखंड फिरते. त्यायच्या मधात तेलाचा पापुद्रा राहाले पाहिजे. आधीच पातळ टाकलं तर उन्हाळ्यात तो पापुद्राच राहात नाही. लोखंड लोखंडाले खाते. म्हणून उन्हाळ्यात घट्ट."

"आन् हिवाळ्यात?" बापूजींनी दारातूनच दरडावून विचारलं.

"तेव्हा जरा पातळ चालते. थंडीत घट्ट तेल सकाळी लवकर वर चढत नाही."

"म्हणजे खळीच्या उलटं."

"उलटं."

बापूजी पत्र्याजवळ आले. वाकले. दोन्ही रेघांवरून एकेक बोट फिरवलं आणि अंगठ्याने चोळून पाहिलं, जसं ते सूत पाहायचे.

"खळ वाळाले पाहिजे," ते स्वतःशीच म्हणाले. "हे वाळालेच नाही पाहिजे. मधातच राहाले पाहिजे." मग ताडकन सरळ झाले. "एवढीशी गोष्ट! हे मले पहिल्याच दिवशी काहून नाही सांगतलं?"

 ताराचंदने बॉनेटवरचं फडकं उचलून पुढे केलं. बापूजींनी ते घेतलं नाही.

"तेलाचं समजलं. चोराचं नाही समजलं."

"मामाजी, रागात निघालं तोंडातून."

"घरात निघालं असतं तर घरात गिळलं असतं. तुमी गल्लीत फेकलं. गल्लीतूनच उचला."

ताराचंदने मनकर्णाकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. तो फडकं मुठीत आवळून गल्लीच्या मधोमध गेला. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या, आणि आवाज मघाच्या भांडणातल्यापेक्षाही मोठा निघाला.

"ऐका हो सारे! तुळसाबाई, तुमीही ऐका! माया सासरा चोर नाही! डबा घरातच होता! मी न पाहता बोललो, गाढव मी आहे!"

"ते आमाले माहीत होतं, जवाई," तुळसाबाई म्हणाली.

"कोणतं?"

"दोनीही."

कुठेतरी कोणी हसलं. बापूजी हसले नाहीत. ते चालत गल्लीत गेले आणि ताराचंदच्या मुठीतून फडकं ओढून घेतलं.

"आण, चुरगाळून टाकलंस."

"तेल पाहून घ्या ना मग, मामाजी. गिरिधरनं बरोबर भरलं का ते."

"इंजिन अजून गरम आहे, सारं तेल खाली उतरलं नसन. ज्याले समजत नाही तो आता पाहीन," बापूजी गुरकावले. "सकाळी पाहतो."

आणि फडकं झटकून त्यांनी खांद्यावर टाकलं.