दोनपैकी दोन

रजनीनं गठ्ठ्याची सुतळी दातानं तोडली. कालच बाबांची तेरवी झाली होती, आणि आज त्यांच्या नववीच्या वर्गाचे इंग्रजीचे पेपर तिच्या पुढ्यात होते. शाळेचे हेडमास्तर केशवराव सकाळीच ते ठेवून गेले होते.

"तुम्हीही सौसरले इंग्रजीच शिकवता, बाई. सरांचं एवढं राहिलं, करून द्या."

नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. बाप जिवंत असताना पाच वर्षांत ती पांढुर्ण्याच्या या घरी एकदाही आली नव्हती.

हट्टात दोघं एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. तिनं विजयशी लग्न केलं त्या दिवशी बाबा, रघुनाथराव, दारात उभे राहून म्हणाले होते, "मी जिवंत आहे तोवर या घराची पायरी चढायची नाही." तिनं ते तंतोतंत पाळलं. जो बोलला त्यानंच शब्द मागे घ्यावेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. सौसरची बस दिवसातून चारदा जात होती. दोघांपैकी कुणी तिच्यात बसलं नाही.

अकरा पेपर बाबांनी तपासले होते. बारावा हातात घेतला आणि त्यांच्या छातीत कळ आली. तिनं बाराव्यापासून सुरुवात केली.

चौथा प्रश्न वाक्प्रचाराचा होता: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. 'टू ईट वन्स वर्ड्स.' पुस्तकी नव्हे, इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातला. मुलानं अर्थ बरोबर लिहिला होता, बोललेले शब्द मागे घेणे. खाली वाक्य होतं: 'आय ॲम रेडी टू ईट माय वर्ड्स, रजनी.'

वर्गात एखादी रजनी असेल, असं तिला वाटलं. तेराव्या पेपरात तेच वाक्य. चौदाव्यातही तेच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उसन्या वाक्याला शून्य, हा बाबांचाच नियम. त्यांनी तिलाही कधी सूट दिली नव्हती. तिनं तिघांना भोपळा दिला.

मग बाबांनी काय केलं ते पाहावं म्हणून तिनं त्यांचे अकरा पेपर ओढले. अकराही जणांचं वाक्य तेच, आणि प्रत्येकाला दोनपैकी दोन. सातव्या पेपरात एका मुलीनं शेवटचं नाव गाळलं होतं. वाक्य तसंही बिनचूक होतं. तरी बाबांनी खूण करून लाल शाईनं, वळणदार अक्षरात पुढे लिहिलं होतं, रजनी.

ती कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. रडू आलं नाही.

आई संत्र्यांची परडी घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"आई, बाबा घरी धडा म्हणून पाहत होते का?"

"दरसाल एक वाक्य म्हणत. आंगणात फिरून फिरून. मले इंग्रजी समजत नाही, पण तुझं नाव तं समजते ना."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"काय सांगू वं? वर्गावर ओरडल्यासारखा आवाज. मले वाटलं, राग अजून गेला नाही." आई संत्रं सोलायचं थांबली. "मागच्या पोळ्याले तुले चिठ्ठी लिहून घेतली होती. टाकली नाही. म्हटलं, पोरगी येईन अन् पुन्हा दारातून परत जाईन."

"त्यायले विचारलं नाही?"

"त्यायले कोण विचारे?"

थोड्या वेळानं आईनं दबकतच विचारलं, "लय वाईट बोलत होते का रजू?"

रजनीनं आईच्या हाताकडे पाहिलं. अर्धं सोललेलं संत्रं त्या हातात तसंच होतं. खरा अर्थ सांगणं एका वाक्याचं काम होतं. तो ऐकला असता तर ती न टाकलेली चिठ्ठी आईला जन्मभर सलत राहिली असती.

"नाही आई. पोरायले शिकवत होते."

"हं," आई म्हणाली, आणि तिनं एक फोड पुढे केली.

रजनीनं बारावा पेपर पुन्हा उघडला. शून्य खोडून दोन केले. मग तेरावा, मग चौदावा. पंधराव्यात कुणीतरी नाव गाळलं होतं. तिनं लाल पेननं ते लिहिलं, आणि दोनपैकी दोन दिले.