पटलं, पण येत नाही

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसो. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. बाराशे पानं, पुठ्ठा सुटलेला, पाठीला तीन ठिगळं. एका तापट मुद्रितशोधकाने मला चाळीस वर्षं वापरलं. छापखान्यातल्या चुका शोधणं हे त्याचं काम. माझ्यातल्याही एकोणीस चुका त्याने लाल पेन्सिलीने सुधारल्या. अपमान झाला, पण बोलायची काय बिशाद!

मग त्याच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात ऑपरेशन करा, नाहीतर आहे ती नजरही जाईल. त्याची मुलगी रोज विनवायची, तो रोज खेकसायचा. शेवटी तिने सगळी कारणं पानभर लिहून कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. छापलेलं-लिहिलेलं तो टाळू शकत नसे. त्याने भिंग लावून वाचलं, दोन चुका सुधारल्या आणि कागद परत केला.

"मजकूर चांगलाय. पटलं मला."

"मग निघायचं ना, बाबा?"

"पटलं म्हटलं. येतो कुठे म्हटलं?"

"सात चुका होत्या त्यात. मी मुद्दाम पेरल्या होत्या. पाच सुटल्या तुमच्या."

म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "अगं, त्या डॉक्टरचा हात जरा हलला, तर आहे तेवढंही जाईल माझं."

मित्रांनो, इंग्रजीत याला दोन क्रियापदं आहेत. 'कन्व्हिन्स' म्हणजे डोक्याला पटवणं. 'पर्सुएड' म्हणजे माणसाला जागचं उठवणं. लोक सरमिसळ करतात, पण पहिलं माझ्या दोनशे चाळिसाव्या पानावर आहे, दुसरं आठशे चाळिसाव्यावर. मधली सहाशे पानं त्या पोरीने महिन्याभरात कशी ओलांडावी? म्हणून हात जोडून सांगतो, घरातलं कोणी नुसतं 'पटलं' म्हणालं तर निर्धास्त होऊ नका. हात धरा आणि गाडीत बसवा.

पंधरा दिवस गेले. वीस गेले. ती रडली, भांडली, अबोला धरून बसली. तो खुर्चीतून हलेना. मी फळीवरून सगळं बघत होतो आणि माझी पानं नुसती फडफडत होती.

एकोणतिसाव्या दिवशी मात्र मी उडी मारली! दारातून बाहेर, गल्लीतून चौकात. मागे तो अनवाणी, "अरे, माझा कोश! धरा त्याला!" दवाखान्याचे दोन जिने चढून मी थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन पडलो. तो धापा टाकत माझ्यावरच आडवा झाला आणि डॉक्टरांनी तेवढ्यात काम उरकलं. आता रोज दुपारी तो मला उघडतो. अगदी बारीक टाईपसुद्धा...

"खोटं!" तुमच्यातूनच त्याची नात उठली. "आजोबा तुला उघडतात, पण पानांवरून नुसता हात फिरवतात. काल तर त्यांनी तुला उलटा धरला होता."