राजाच्या डोक्यावरचं भोक

माझी बायको करुणा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतून घरी येताना मेली. ती चालत होती, मागून मोटारसायकलवर दोघे आले. मागच्याने तिच्या गळ्यातलं ओढलं. काळा दोरा असता तर तुटला असता आणि ती वाचली असती. पण तिच्या आजोबांचं पदक दोनदा दोरा तुटून पडलं होतं, म्हणून त्या वर्षी तिने ते तंगुसात ओवलं होतं. मासे गरवायचं जाड, नायलॉनचं तंगूस. ते तुटलं नाही. गाडी थांबली नाही. ती फाट्यापासून शाळेच्या कुंपणाच्या गडग्यापर्यंत फरपटत गेली आणि तिथे तिचं डोकं चिऱ्यावर आपटलं. मागचा उतरला, तिची मान उचलून पदक डोक्यावरून काढलं आणि दोघे गेले. मी स्पीकरच्या टेम्पोबरोबर मागे होतो. धावलो, पण मला दोन हेल्मेटं आणि पाठी एवढंच दिसलं. करुणाच्या गळ्यात तंगुसाची खाच बोट जाईल एवढी खोल होती.

पेपरात सोनसाखळी चोर असं आलं. तंगुसाचं कुणी छापलं नाही. ते पंचनाम्यात राहिलं.

पदक पहिल्या महायुद्धातलं. करुणाचे आजोबा, रामा, इराकात बसऱ्याला लढले होते. चांदीचं, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा माणूस. कडेवर आजोबांचा नंबर आणि नाव कोरलेलं. ते लटकवायची दांडी मोडली तेव्हा आजीने सोनाराकडून राजाच्या डोक्यावर भोक पाडून घेतलं आणि गळ्यात घालायला लागली. त्या घरात रीतच पडली. चौदा एप्रिलला घरातल्या मोठ्या लेकराने ते घालून मिरवणुकीत चालायचं. करुणा एकुलती एक होती. तिच्यानंतर आमच्या लेकीने, अक्षयाने घालायचं. आदल्या दिवशी करुणा आमसुलाच्या पाण्याने ते घासायची आणि म्हणायची, "ह्या नागड्याला मेल्याला शंभर वर्षांत कुणी लंगोट दिला नाही."

"घासू नको गो, अक्षरं झिजतील," मी म्हणायचो.

"तुमची भंगाराची दुकानदारी तुमच्याकडे ठेवा. हे माझ्या आजोबांचं आहे."

मी एसटीच्या वर्कशॉपात फिटर होतो. जुन्या पोलिसांचे पितळी बक्कल, पट्टे, लाठ्या, पलटणीचे बिल्ले, संगिनी जमवायचा नाद तेव्हापासूनचा. खरं कोणतं, नकली कोणतं हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. एका संगिनीची मूठ मोडलेली होती, तिला कुणी विचारलं नसतं. ती खिळ्यासारखी गोल आणि टोकदार. करुणाने मला ती मागीलदारी सिमेंटात उभी पुरायला लावली, नारळ सोलायला. त्या संगिनीचा तेवढाच उपयोग झाला, असं ती येईल त्याला सांगायची.

तिला जाऊन दोन वर्षं होत आली तेव्हा स्वरूप नावाचा माणूस आला. दुपारची वेळ. रत्नागिरीत जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करतो म्हणाला. वय तिशीचं असेल. त्याने मखमलीच्या डबीतून पदक काढून माझ्यासमोर ठेवलं.

"काका, मुंबईचं गिऱ्हाईक आहे. ते म्हणतंय, बाबाजी तांब्यांना दाखवून आण. तुम्ही हो म्हटलंत की झालं."

तसली पदकं लाखांनी निघाली आहेत. मी आधीही दोन-चार पाहिली होती. ह्याला दांडी होती, रिबन होती. कडेवर मराठा पलटणीच्या कुणा शिपायाचं नाव होतं. मी व्हर्निअर लावून व्यास मोजला. जेवढं असायला हवं त्यापेक्षा पदक बारीक भरलं.

"कडेवर कानस फिरली आहे," मी म्हणालो. "पहिलं नाव काढून दुसरं घातलंय."

तो हसला. "शंभर वर्षांत माणूस झिजतो काका, चांदीचं काय घेऊन बसलात?"

"झिजतं ते राजाचं नाक. कड अशी चारी बाजूंनी सारखी झिजत नाही."

आता पुढची परीक्षा. धातूला कुठे डाग दिलेला, म्हणजे दुसरा धातू वितळवून भरलेला असेल तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पॉलिश मारलेलं असतं. पण त्यावर तोंडाची वाफ सोडली तर डागाची जागा वेगळी उठते. मी पदक तोंडाजवळ नेलं आणि हा केला. चांदी पांढुरकी झाली. राजाच्या डोक्यावर, बरोबर मध्ये, तुरीच्या दाण्याएवढा गोल ठिपका काळा राहिला. वाफ उडाली. मी परत हा केला. ठिपका परत आला.

मी पदक मुठीत धरलं.

"कुणाकडून घेतलंस?"

"जयगडकडची एक म्हातारी आहे. तिच्या नवऱ्याचं."

"ह्याला भोक होतं."

"नाही हो."

"होतं. तू बुजवलंस. कुणाकडून घेतलंस?"

त्याने माझ्या मागच्या भिंतीकडे बघितलं. तिथे करुणाचा फोटो आहे. इतका वेळ त्याने तिकडे पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा पडला तो मी पाहिला.

"द्या ते इकडे," तो म्हणाला आणि माझी मूठ उघडायला लागला. उघडेना तेव्हा त्याने खुंटीवरचा जुन्या हवालदाराचा पट्टा ओढला आणि बक्कलाच्या बाजूने माझ्या तोंडावर मारला. समोरचे दोन दात आत गेले. दुसरा फटका कानावर बसला. तोंडात रक्त भरलं. पदक मी सोडलं नाही, खिशात टाकलं.

कोपऱ्यात लाठ्या होत्या. हाताला आली ती घेतली. तिच्या टोकाला लोखंडी टोपण आहे. ते मी त्याच्या गुडघ्यावर घातलं. वाटी फुटल्याचा आवाज आला. तो ओरडत मागीलदारी पळाला, लंगडत, आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगात पडला. मी पाठीत घातली, खांद्यावर घातली. त्याने धोंडा उचलायला हात लांब केला. तो हात मी मनगटाला धरला आणि संगिनीवर दाबला. नारळ सोलताना दाबतो तसा, अंगाचा सगळा भार टाकून. टोक तळव्यातून वर आलं.

"मी फक्त मागे बसलो होतो काका!" तो किंचाळला. "मला मारायची नव्हती! तुटतच नव्हतं ते! आईशप्पथ, तुटतच नव्हतं!"

तंगुसाचं मी त्याला काही बोललो नव्हतो.

दाराच्या चौकटीला माझी मासे पकडायची गरी अडकवलेली असते. मी तंगूस ओढून घेतलं, त्याच्या गळ्याला दोन वेढे दिले, पाठीत गुडघा रोवला आणि ओढलं.

"बघ," मी म्हणालो, "आता तुटतंय का."

त्याचा एक हात संगिनीत अडकलेला, दुसऱ्याने तो गळा ओरबाडत होता. तंगूस माझ्याही बोटांत घुसलं. तो घुसमटला, मग घरघरायला लागला. त्याची जीभ बाहेर आली. मी सैल सोडलं नाही. अजून ओढलं.

शेजारची सखू आरडाओरडा ऐकून कोयता घेऊनच आली होती. चोर शिरले असं तिला वाटलं.

"बाबाजी! काय करतोस ह्या? मरंल तो!"

"ह्यानंच मारली तिला."

तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्या तोंडातून गळणाऱ्या रक्ताकडे बघितलं.

"मंग सोड मेल्या त्याला! मेलेला काय सांगणार पोलिसांना? गाडी कोण चालवत होता, ता कोण सांगंल? तू?"

मला ऐकू येत होतं, पण हात सुटत नव्हते. तिने कोयत्याचा एक घाव घातला आणि तंगूस तुटलं. मी पाठीवर पडलो. तो श्वास ओढत राहिला, करवत चालावी तसा आवाज करत. सखू कोयता घेऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"हाललास तर हातच तोडीन, म्हणजे सुटशील," ती त्याला म्हणाली.

स्वरूपने पोलिसांना गाडी चालवणाऱ्याचं नाव सांगितलं. दोघे आत आहेत. मी जामिनावर आहे. स्वरूपच्या त्या हाताची तीन बोटं कायमची निकामी झाली. ते मी केलं, आणि कोर्टात विचारलं तेव्हा केलं असंच सांगितलं.

पदक मुद्देमालात गेलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि स्वरूप माझ्यापुढे जे बोलला ते मारहाणीच्या भीतीने, असं त्याचा वकील म्हणायला लागला. राहता राहिलं पदक. त्यावर तर मराठा शिपायाचं नाव, मग हे त्या बाईंचं कशावरून? मी आरोपीचा हात फोडलेला माणूस, माझ्या शब्दाला किंमत नव्हती. म्हणून अक्षया साक्षीला उभी राहिली. ती मुंबईहून आदल्या दिवशी आली होती. करुणासारखीच ठेंगणी आहे.

शिपायाने सील तोडलं आणि पदक तिच्या हातात दिलं. आई गेल्यापासून तिने ते पहिल्यांदा हातात घेतलं होतं. तिने उलटून घोड्याची बाजू पाहिली, मग राजाची.

"हे तुमच्या आईचं कशावरून म्हणता?" वकिलाने विचारलं. "दिसतंय का तुमच्या आजोबांचं नाव?"

"माझ्या नाही, आईच्या आजोबांचं," अक्षया म्हणाली. "नाव काढलंय. भोक राहिलंय."

"कुठाय भोक?"

तिने पदक तोंडाजवळ नेलं आणि हा केला. मग हात लांब करून न्यायाधीशांच्या टेबलावर समोर धरलं. मॅडम पुढे वाकल्या. वकीलही वाकला. माझ्या जागेवरून मला काही दिसत नव्हतं, पण वाफ उडेपर्यंत दोघे तसेच वाकून होते.

"परत एकदा करा," मॅडम म्हणाल्या.

अक्षयाने परत हा केला.