अक्काची तुळस

अक्काच्या कार्डाला मी उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसायचो, वाक्य उद्धट वाटायचं, कागद फाडायचो. तिनं लिहिलं होतं, "वीणाच्या वर्षश्राद्धाला येईन. पण स्वयंपाक तुझ्या त्या कोंबडीच्या गॅसवर नको. सिलिंडर आण. नाहीतर मी पानावर बसणार नाही."

देवनहळ्ळीला आमची पोल्ट्री. कोंबड्यांची विष्ठा शेणपाण्यात कालवून टाकीत सोडायची. टाकीतला गॅस नळीनं स्वयंपाकघरात येतो. माझ्या बायकोचा, वीणाचा सगळा संसार त्याच निळ्या जाळावर शिजला. अक्का यायची ती घरून डबा घेऊन. वीणा तरीही तिचं पान वाढायची, आणि मागाहून ते गायीपुढे ठेवायची. बोलली कधीच नाही.

तोंडानंच सांगावं म्हणून व्हाइटफील्डला गेलो. अक्का तिथं मुलाकडे, राजसकडे राहते. बाल्कनीत तुळस डवरली होती.

"बघ की दया, कशी माजलीय! राजसनं खत मागवलं. सेंद्रिय."

"ऑनलाइन, मामा. प्रीमियम आहे. स्मेलसुद्धा नाही," म्हणत राजसनं पिशवी माझ्या हातात दिली.

पिशवीवर यशवंतपूरच्या व्यापाऱ्याचा छाप होता. टाकीतून निघालेला गाळ वाळवून आम्ही त्यालाच देतो. दुसऱ्या कुणाचं खत तो घेत नाही.

"रोज हिचंच पान नैवेद्यावर ठेवते," अक्का म्हणाली. "आणि सिलिंडरचं काय केलंस?"

"बघतो."

"बघतो काय? वीणा होती तोवर चाललं. आता तरी घर शुद्ध कर."

मला वाद घालता येत नाही. पुस्तकांत वाचलेली उत्तरं मला परतीच्या बसमध्ये आठवतात. मी पिशवीच्या तोंडाची नीट घडी घातली आणि ती राजसला परत दिली.

घरी येऊन कार्ड लिहिलं.

"ती. अक्का, सा. न. सिलिंडर आणणार नाही. वीणाच्या श्राद्धाचा स्वयंपाक वीणाच्याच शेगडीवर होईल. तुझं पान वाढून ठेवीन. तुळशीला खत बेतानं घाल. आमच्याच कोंबड्यांचं आहे. जास्त झालं तर मुळं जळतात."

शेवटचं वाक्य खोडावं, असं पोस्टापर्यंत वाटत राहिलं. पेटीच्या तोंडाशी हात थांबला. मग कार्ड सोडलं. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.