हेमकांतच्या घरची चौकट

शहाद्यातल्या आमच्या जुन्या गल्लीत घरांचं जुनं रूप जपायचं ठरलं. लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियम बसवायला बंदी झाली आणि हेमकांतची चांगलीच जिरली. त्याची दर्शनी खिडकी वाळवीनं पार खाल्लेली. तशीच्या तशी सागाची खिडकी करणारा सुतार गल्लीत एकच, तो मी, भटू मिस्तरी. ज्याचं तोंड नको म्हणून सात वर्षं वळसा घालून जात होतो, तो माझ्या दारात उभा. म्हटलं, ये बाबा.

सात वर्षांपूर्वी माझ्या लेकीला, चेतनाला, म्हसावदचं स्थळ आलं होतं. पाहुणे रीतीप्रमाणे गल्लीत चौकशी करत फिरले. खिडकीत बसून हा म्हणाला, "पोर चांगली शे, पन तिले फिट येस." धडधडीत खोटं! महिन्याभरात तोच मुलगा याच्या भाचीचा नवरा झाला. फिटचा गावभर बभ्रा झाला, चेतनाला पुन्हा कोणी विचारलं नाही. आज ती एकतीसची आहे. मला एकच हवं होतं: यानं चार लोकांत, स्वतःच्या तोंडानं, ते खोटं कबूल करायचं.

गुरुवारी त्याच्या मुलीला, ममताला, बघायला पाहुणे येणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. "बुधवारलोंग बसाडी दे," असं तो चारदा बजावून गेला. लाकूड वाळलं नाही म्हणत मी काम लांबवलं आणि गुरुवारी सकाळीच जुनी चौकट उपटली. भिंतीला हे एवढं भगदाड. बाहेर बोललेला शब्द न् शब्द आत ऐकू जात होता.

पाहुण्यांतले म्हातारे गृहस्थ आत जाण्याआधी माझ्यापाशी थांबलेच. "मिस्तरी, घर कसं शे? पोर कशी शे?"

आत हेमकांत कपबशी हातात घेऊन थिजला.

"मी मंग सांगसू," मी म्हणालो. "मन्ही चेतनाबद्दल यानी काय सांगं व्हतं, ते पहिले त्याले इचारा."

म्हाताऱ्यांनी भगदाडातून त्याच्याकडे पाहिलं. मी पटाशी खाली ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. मला काही घाई नव्हती. शेवटी पोरीचा बाप तो, वाकलाच.

"मी खोटं बोलनू," तो म्हणाला. "तिले काहीच नही व्हतं."

"आते सांगस," मी म्हाताऱ्यांना म्हणालो. "पोर सोनासारखी शे. घर कसं शे, ते तुम्ही आतेच ऐकं."

पाहुणे चहा न घेता निघून गेले. आतून ममताचं रडणं ऐकू येत होतं, तरी मी दुपारपर्यंत नवी खिडकी बसवून दिली, अगदी काटकोनात. करशील तसं भरशील, म्हणतात ते उगाच नाही. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

घरी येऊन चेतनाला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, मन मोकळं करेल. तिनं ममताबद्दल एवढंच विचारलं, "मंग तिन्हं लगीन मोडनं?"

"मोडनं."

"बरं व्हयनं. बसू दे तिले बी घरमा," ती म्हणाली आणि हसली.

ममताला लहानपणी हिनंच कडेवर घेऊन गल्लीभर फिरवलं होतं. चेतनानं ताट वाढून पुढे ठेवलं, पण मला घास गेला नाही.