टावरचा दगड

तिसरी काडी उमटली... आणि त्याने श्वास सोडायच्या आत पुसली गेली. दोन राहिल्या. फोनच्या काचेवरच्या त्या नखाएवढ्या कोपऱ्याकडे आनंदराज किती वेळ टक लावून बघत होता कुणास ठाऊक. मान अवघडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण आईच्या न्हाणीत, ओल्या फरशीवर, अनवाणी उभे आहोत आणि हात पत्र्याला टेकेल इतका वर धरला आहे. दुसऱ्या हातात वही होती. वहीत तक्ता आखलेला होता. नांदेडच्या रेल्वे कार्यालयात बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला आईच्या घरातली रेंजसुद्धा तक्त्याशिवाय मोजता येत नाही, असं महामाया – त्याची बायको – सकाळी हसून म्हणाली होती, आणि तरीही आपला फोन दिवसभरासाठी तिने त्याच्या पिशवीत टाकला होता. एक तिचा, एक त्याचा स्वतःचा, एक कचेरीतल्या वैजनाथकडून मागून आणलेला – तीन फोन, तीन कंपन्या. उदगीरपर्यंत बस, तिथून देवणी, देवणीहून पुढे कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. पिशवी त्याने साऱ्या वाटेत मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"न्हाणीत काय करून राहिलास रे?" पंचफुलाने, त्याच्या आईने, आतून विचारलं.

"रेंज बघतोय."

"न्हाणीत कोण फोन लावतंय?"

न्हाणीतच तर लागतो, आई. पाय घसरतो तो इथंच, आणि मग... त्याने पुढचा विचार केला नाही. वहीत लिहिलं: न्हाणी – महामायाचा, दोन, कधी तीन. वैजनाथचा, शून्य. माझा, शून्य.

नांदेडच्या दुकानातल्या मुलीने त्याला नकाशे दाखवले होते. सगळ्याच कंपन्यांचे नकाशे असतात, आणि सगळ्याच नकाशांवर आईचं गाव रंगात बुडालेलं होतं. त्याने बोट ठेवून विचारलं, इथं घरात लागेल? मुलगी म्हणाली, सर, कव्हरेज फुल आहे. तिचं काय चुकलं? ती इथं कधी आली नव्हती. इथं तीन बाजूंनी माळ उठलाय आणि घरं त्याच्या तळाला बसलीत, हे नकाशाला कळत नाही. कळायला इथं जन्माला यावं लागतं, आणि जन्माला येऊनही तो स्वतः वर्षातून चारदा यायचा.

माळाच्या टोकाला एक सपाट दगड आहे. गावातल्या बाया त्याला टावर म्हणतात. फोन लावायचा तर वीस मिनिटं चढून त्या दगडावर जायचं. संध्याकाळी सातला पंचफुला तिथून त्याला एक रिंग द्यायची आणि कापायची. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, उचलायचा नाही. लागोपाठ दोनदा वाजला तर काहीतरी आहे, उलटा फोन कर. फोनवर बोलायचे पैसे पडत होते तेव्हा तिनेच हे ठरवलं होतं. पुढे बोलणं फुकट झालं, पण तिची रीत बदलली नाही. ठीक हाय हे सांगायला बोलायचं कशाला, असं ती म्हणायची. आणि त्याला – खरं सांगायचं तर त्यालाही ते बरं होतं. एक रिंग वाजली की दिवसाचं कर्तव्य उरकलं. इतक्या स्वस्तात मुलगा म्हणून कुणाची सुटका होते?

गेल्या महिन्यात माळावरून उतरताना तिचा पाय मुरगळला. ते त्याला आठ दिवसांनी कळलं, कारण आठही दिवस सुजलेल्या पायाने वर चढून तिने एक रिंग दिली होती. सगळं ठीक.

त्याने स्वयंपाकघरात येऊन महामायाचा फोन खिडकीच्या फळीवर ठेवला. तीन काड्या. हलल्या नाहीत. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि शेजारी चौदा महिन्यांपूर्वी लावलेला वडिलांचा, नरसिंगचा फोटो. फोटोखाली, जिथं त्यांची बाज असायची, तिथं त्याने पुन्हा बघितलं. दोन. दोन पुरेशा आहेत. दोन काड्यांवर माणूस बाजेवर पडल्या पडल्यासुद्धा... त्या दिवशी या घरात हे कार्ड असतं तर... आणि मग तो जसा रोज थांबायचा तसाच तिथं थांबला, कारण त्यापुढचं वाक्य कार्डाबद्दलचं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी, नांदेडच्या घरी, सात वाजून चार मिनिटं झाली होती. तो गॅलरीत वाळलेले कपडे काढत होता. फोन खांद्याजवळच्या खिडकीत ठेवलेला, एकदा वाजला आणि थांबला. "आला आईचा," तो महामायाला म्हणाला आणि चादरीची घडी घालू लागला. चादर निळी होती, टोकं जुळत नव्हती, त्याने ती पुन्हा उलगडून घडी घातली. एवढं सगळं आठवतं. एवढंच आठवत नाही की आपण फोनकडे वळून तरी बघितलं का. इथं, या बाजेवर, वडिलांच्या छातीत कळ येत होती. आई त्यांना तसंच टाकून माळ चढली होती आणि तिने लावलेला फोन एका रिंगमध्येच तुटला होता. दुसऱ्यांदा तो लागलाच नाही. कर्नाटकातल्या टॉवरवरची कुणी बाई कन्नडमध्ये काहीबाही सांगत राहिली. गावात गाडी मिळायला दोन तास गेले. त्याचा शाळासोबती वीरभद्र देवणीला राहतो, त्याची जीप तिथं त्याच्या दारातच उभी होती. मी फक्त उलटा फोन करायचा होता. संशय नको, काळजी नको, नुसताच एक फोन – काय गं, काय चाललंय, एवढं विचारायला. ती दगडावरच उभी होती, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावत होती. मी लावला असता तर लागलाही असता. वीरभद्र वीस मिनिटांत पोचला असता. पण मी चादरीची टोकं जुळवत होतो.

वडिलांच्या जलदानविधीच्या दिवशी, सगळी भावकी बसलेली असताना, शेजारच्या धुरपताबाईंनी विचारलंच, "पोराला फोन केलता का न्हाई, पंचफुला?" तो तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "लागलाच न्हाई की." आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या तेव्हा तो म्हणाला, "रेंज नव्हती." लोकांनी कंपन्यांना शिव्या घातल्या आणि विषय संपला. एक रिंग वाजल्याचं आईला बिचारीला ठाऊकच नाही, असं त्याने तेव्हापासून धरून ठेवलं होतं. धरून ठेवल्यावाचून झोप लागत नव्हती.

त्यानंतर रोज एक रिंग आली की तो लगेच उलटा फोन करायचा. पण तिने रिंग देऊन फोन बंद केलेला असायचा, बॅटरी टिकावी म्हणून. चौदा महिने तो एका रिंगचा अर्थ लावत बसला होता.

"हेच घ्यायचं," त्याने महामायाच्या फोनवर बोट ठेवलं. "या कंपनीचं कार्ड. पुढच्या रविवारी घेऊन येतो. नंबर तुझा हाच राहील, नुसती कंपनी बदलायची. मग घरातनंच बोलायचं, वर जायचं काम नाही."

पंचफुला भाकरी थापत होती. "वर गेलं की चार बाया भेटतेत," ती म्हणाली.

"पाय बघ तुझा."

"बरा झाला की तो." मग भाकरी तव्यावर टाकून, त्याच्याकडे न बघता, "तुझ्या मनाला बरं वाटत असलं तर आण बाबा."

तेवढं वाक्य त्याला नको होतं. त्याने उगीचच वही चाळली. एकदा लावून बघू, तो म्हणाला. हा फोन तुझ्याजवळ राहू दे, मी वरून माझ्या फोनवरून करतो, तू इथं उचल. खरं तर दारातल्या दारात तपासता आलं असतं... नाही, दारात त्याच्या फोनला रेंज कुठं होती? चढायलाच हवं होतं.

तो निघाला तेव्हा ती दाराशी आली. "उजवा पाय खळग्यात ठेव. तोंड कर्नाटकाकडं. गावाकडं वळला की रेंज जातंय बघ."

ऊन उतरलं होतं, पण दगड अजून तापलेला होता. आपण या दगडावर अखेरचे कधी आलो होतो? वडिलांच्या आधी, खूप आधी, फोनच नव्हते तेव्हा. खळगा सापडला. तो नैसर्गिक असावा, पण कडा बायांच्या पायांनी गुळगुळीत झाल्या होत्या. त्याने उजवा पाय ठेवला. तोंड पूर्वेला केलं आणि गाव, घर, घराचा पत्रा, सगळं पाठीमागे गेलं. म्हणजे त्या संध्याकाळी ती अशी उभी होती. बाजेकडे पाठ करून. एक काडी आली, मग दुसरी. त्याने लावला.

एक रिंग... दोन... तीन.

"हालो. आनंदा?"

"ऐकू येऊन राहिलंय का?"

"लई साफ. शेजारी बसून बोलल्यावानी."

तव्यावरून काहीतरी उतरवल्याचा आवाजसुद्धा त्याला ऐकू आला. "आई, आता एक रिंग द्यायचं बंद. मी उचलत जाईन. रोज बोलायचं."

"काय बोलायचं रोज?"

याचं उत्तर त्याने तक्त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग ती म्हणाली, तोंडावर आजवर कधी म्हणाली नव्हती अशा आवाजात म्हणाली,

"आनंदा, त्या दिशी एक रिंग गेली होती रे. म्या ऐकली होती."

त्याने फोन कानापासून बाजूला धरून काचेकडे बघितलं. एकच काडी. जाऊ दे... जाऊ दे ही पण, म्हणजे मग खरोखरच रेंज नव्हती, म्हणजे खाली जाऊन म्हणता येईल, काय म्हणत होतीस, तुटला बघ. त्याला स्वतःच्या या इच्छेची शिसारी आली आणि तरीही ती जाईना. त्याने फोन पुन्हा कानाला लावला.

"...तुला कुणी बोल लावू नये म्हणून सांगितलं लोकांला, लागलाच न्हाई म्हणून. पर एका रिंगचं म्याच ठिवलं होतं ना? तो तुटला तवाच मला कळलं, तू काय समजला असशील ते. तिथंच, त्या दगडावर. त्याच्या म्होरं कितींदा लावला..." ती थांबली. "मला वाटायचं, तू एक दिवस इचारशील. आई, दोनदा का न्हाई केलास म्हणून."

तिला आपली भीती वाटत होती. चौदा महिने, रोज संध्याकाळी इथं चढून येऊन, ती आपल्याला एक रिंग देत होती आणि आपल्याकडून एक प्रश्न येण्याची वाट बघत होती. आणि आपण तिच्याकडून. त्याला मागे वळावंसं वाटलं – निदान पत्रा दिसावा, खिडकी दिसावी, खिडकीत ती फोन धरून उभी आहे का ते दिसावं. पण वळला की जातंय.

"ऐकून राहिलास का रे? आनंदा?"

काडी विझली, आली. घाम डोळ्यात उतरत होता. तो पुसायला त्याने हात उचलला नाही, खळग्यातला पाय तसूभरही हलू दिला नाही, आणि मघापासून जी जावी असं वाटत होतं ती एक काडी आता कुठल्याही परिस्थितीत जाऊ नये म्हणून श्वास रोखून तो म्हणाला,

"ऐकतोय, आई."

पुढचं वाक्य आता त्याचं होतं.